सूत म्हणजे किती

कलकत्ता, २१ नोव्हेंबर १९५४

बाबा,

आणि वरून तुम्ही म्हणता, पोट्टा ऐकत नाही. सहा वर्षं कापसाच्या जिनात ऐकलं नाही म्हणून बोलणी खाल्ली. दोन वर्षांत पहिल्यांदा तुमचं ऐकलं, आणि आता समोर हे भोक घेऊन बसलो आहे. नमस्कार शेवटी लिहीन, आधी हे ऐकून घ्या. प्रमिलाबाई, तुम्ही बाबांना वाचून दाखवत असाल तर मध्येच थांबून माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढू नका. चौथीपर्यंत तुम्ही शिकवलं तेवढंच आहे, त्यात भर पडली नाही.

मागच्या कार्डात मी विचारलं होतं, अल्युमिनच्या नळीचं तोंड आतून मोठं करायचं तर एका वेळी किती घासावं. तुमचं उत्तर आलं, बाईंच्या गोल अक्षरात: "एक सूत घे. लावून पाह्य. मंग पुढचं." मी एक सूत घेतलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, हे इथं चहावाल्यालाही माहीत आहे. तीन तोंडं नीट झाली. चौथ्या तोंडात कानस चालवता चालवता हलकी झाली, म्हणून पाहिलं, तर तिचं टोक नळीच्या बाहेर निघालेलं. तुमचं "लावून पाह्य" करायची वेळच आली नाही.

आता ही वस्तू काय आहे ते सांगतो, म्हणजे तुमच्या एका सुतानं काय फुटलं ते कळेल.

तुमच्या जिनाच्या इंजिनाला एक सिलेंडर. या गाडीला चार आहेत. कार्बोरेटरात हवा आणि पेट्रोल मिसळतं, ते चारी सिलेंडरना वाटून देणारी जी नळी असते तिला मेनिफोल्ड म्हणतात. दिसायला हाताच्या पंजासारखी, अंगठा सोडून. ही गाडी आमच्या गॅरेजमालकाच्या मुलाची, छोट्या साहेबाची: लाल, दोनच माणसांची, नुसती पळण्यासाठी केलेली. तिला एकच कार्बोरेटर होता. आणखी पळावी म्हणून त्यानं दोन कार्बोरेटर बसतील असा मेनिफोल्ड विलायतेहून मागवला. दोन महिने बोटीत होता. आला तो दुसऱ्याच इंजिनाचा. बोल्टची भोकं जुळत नाहीत, तोंडं लहान, एक कोपरा स्टिअरिंगच्या दांड्याला अडतो. परत पाठवायला वेळ नाही, कारण २६ डिसेंबरला गावाबाहेरच्या जुन्या विमानतळावर गाड्यांची शर्यत आहे.

आमचे मोठे मिस्त्री प्रीतम सिंग सरदारजी. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, कौन बिठाएगा? मी म्हटलं, मी. म्हणाले, आधी किती बसवले? मी म्हटलं, दोन.

बाबा, मी एकही बसवला नव्हता. हे तुम्हालाच सांगतो.

सरदारजी म्हणाले, बसवलास तर तुला तुझी पेटी देईन, नाही बसला तर आपली वळकटी उचल. पेटी म्हणजे हत्यारांची पेटी, कुलूपवाली. इथं हेल्पर दुसऱ्याच्या पेटीतलं हत्यार मागून घेतो. ज्याची स्वतःची पेटी तो मिस्त्री. आणि मी सेलू सोडताना काय बोललो होतो ते तुम्ही विसरला नसाल, जिनातल्या सगळ्या बायांनी ऐकलं होतं. मिस्त्री झाल्याबिगर या गावात पाय ठेवणार नाही. तेव्हा या चार तोंडांच्या नळीवर माझं घरी येणं लटकलेलं आहे. आणि तिला तुम्ही भोक पाडायला लावलं.

अजून कोणाला माहीत नाही. सरदारजी पुतण्याच्या लग्नाला लुधियान्याला गेले आहेत, पाच तारखेला येतील. मी भोकात कपडे धुवायचा साबण घट्ट दाबून भरला, वरून काजळी आणि ग्रीस चोळलं. बोटभर अंतरावरून पाहिलं तरी कळत नाही. पेट्रोलच्या टाकीला चीर गेली की सगळे साबणच लावतात. टाकी गरम होत नाही आणि ही नळी होते, एवढाच फरक आहे.

इथली थंडी ओली आहे. खोलीत आम्ही पाच जण, दोघे बिहारातल्या छपऱ्याचे, दोघे कटकचे. चांगले आहेत, पण रात्री आपापसात बोलतात तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडतो. तीन महिने झाले, माझ्याशी कोणी मराठी बोललं नाही. पाना निसटून बोटावर बसला की "आई गं" निघतं, तेवढंच.

यावर काय करायचं ते लिहा. भोकात तुमचाही हात आहे.

आईला नमस्कार. तुम्हालाही.

लहानू


कलकत्ता, १ डिसेंबर १९५४

बाबा,

तुमचं पत्र काल दुपारी आलं. आधी उभ्यानं वाचलं, मग गाडीखाली जाऊन आडवं पडून वाचलं. तिथं कोणी येत नाही.

तुम्ही लिहिता: "येडा हायेस का? आठवा हिस्सा कोन म्हने? म्या सूत म्हनलं. सूत म्हंजे सूत. चरख्यावरचं. रोळ अन् सुरीच्या मधात घालून वढतो थे. तू सा वर्षं माह्या बाजूले उभा राहून थे वढलं. इसरला?"

आणि खाली बाईंनी आपल्या मनानं लिहिलं आहे: "नानाजी हे सांगताना रागात नव्हते. चष्मा काढून बराच वेळ बसून होते."

बाई, ते खालचं लिहिलं नसतं तर बरं झालं असतं. राग मला सोसतो.

बाबा, मी विसरलो. तुम्ही सूत म्हटलं की माझी चिमूट आपोआप वळायची. कापूस सरकीपासून सुटतो तिथं, चामड्याच्या रोळावर सुरी टेकते त्या फटीत तुम्ही हातसुताचा धागा सोडायचे. ओढला की जरा अडून, कुरकुर करून यावा. सहज आला तर ढिलं, तुटला तर आवळ. "एक सूत दे" म्हणजे त्या धाग्याच्या जाडीएवढं. पट्टी नाही, इंच नाही. मी हसायचो. पुलगावच्या मिलमधून आलेला फिटर तुमच्यासमोर हसला होता तेव्हा मीही हसलो होतो, हे तुम्हाला दिसलं नाही असं मला वाटायचं.

इथं पहिल्याच आठवड्यात सरदारजी म्हणाले, दो सूत काट. मी धाग्याएवढं कापलं. सगळं गॅरेज हसलं. आठ सूत म्हणजे एक इंच, समझा क्या, मरहट्टे? समजलो. एवढा पक्का समजलो की तुमचं अक्षर, म्हणजे बाईंचं अक्षर, समोर आलं तरी मी ते कलकत्त्याच्या मापानं वाचलं. इथले लोक मला इथला म्हणत नाहीत, आणि तिकडचं एवढंसं सूत तेही हातातून गेलं. कधी गेलं ते कळलं नाही.

हे वाचून आईला रडू येईल, तर पुढचं तिला वाचून दाखवू नका.

जिनातला तीन नंबरचा रोळ पट्टा जुना म्हणून जळला असं मी सगळ्यांना सांगितलं. तुम्हालाही. पट्टा ठीक होता. तुम्ही जेवायला बसला होता आणि मी सुरी बसवली. धागा ओढून पाहिला नाही. म्हटलं, रोज काय ते धागे ओढायचे, डोळ्याला दिसतं ना. सुरी दाबून बसली, चामडं घासलं, धूर निघाला. बाजूला ढिगानं रुई होती. तुम्ही उष्ट्या हातानं पाण्याची घागर घेऊन धावत आलात, रोळ विझवला आणि मग माझ्या कानाखाली दिली. मी त्या मारावर चिडून गाव सोडलं असं सगळ्यांना वाटतं. मार खरा होता. पण मी निघालो ते तुम्ही शेठजीला काय सांगितलं ते ऐकून. तुम्ही म्हणालात, "सुरी म्याच लावली होती." तुमचा तीन दिवसांचा रोज कापला. तुम्ही ते घरी कधी काढलं नाही. ते मला सोसवलं नाही.

झालं लिहून.

तुम्ही लिहिलं आहे, "सरदारजी आला का पयले भोक दाखोजो, मंग चाय पेजो." दाखवतो. पाचला येतील ते.

लहानू


कलकत्ता, ९ डिसेंबर १९५४

बाबा,

सरदारजी आले. लग्नाचे लाडू वाटले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी भोक दाखवलं, मग चहा घेतला. होता है, म्हणाले. काम ठीक चाललं आहे, बोल्टची भोकं लांबट करून जुळवली, कोपरा कापला, आता दांड्याला अडत नाही. काळजी नसावी.

रविवारी हावड्याला गेलो होतो. काही काम नव्हतं. मुंबई मेल लागली होती. डब्याशी एक म्हातारा बायकोला ओरडत होता, "थे बोचकं इकडं ठेव ना वं." मी जवळ गेलो, विचारलं, कुठले? म्हणे, तळेगावचे, काशी-गया करून परत चाललो. मी म्हटलं, मी सेलूचा. म्हातारा म्हणाला, "मंग चाल ना, बस." गंमतच केली त्यानं. गाडी सुटेपर्यंत त्यांचं बोचकं धरून उभा होतो.

आईला म्हणावं जेवण चांगलं आहे. मोहरीच्या तेलाची सवय झाली.

लहानू


कलकत्ता, २० डिसेंबर १९५४

बाबा,

नऊ तारखेच्या पत्रात म्हातारा तेवढा खरा. बाकी खोटं.

मी भोक दाखवलं नाही. लाडू खाल्ला, चहा प्यालो, दाखवीन दाखवीन म्हणत आठवडा गेला. तोंडं घासून झाली, मेनिफोल्ड चढवला, दोन्ही कार्बोरेटर लावले. बारा तारखेला सरदारजी म्हणाले, चालू कर. छोटा साहेब स्वतः आला होता, पांढरे बूट घालून.

इंजिन लागलं. चार-पाच मिनिटं असं गोड चाललं की मला वाटलं, निभलं. मग नळी तापली, साबण वितळला, आणि बासरीसारखी बारीक शिट्टी सुरू झाली. भोकातून फालतू हवा आत ओढली जाऊ लागली की इंजिन कधी पळतं, कधी दम खातं, खोकलतं. छोट्या साहेबानं विचारलं, हे गाणं कुठून येतंय? सरदारजींनी बोट फिरवलं. बोटाला फेस आला. त्यांनी तो हुंगला.

मला वाटलं मारतील. नाही मारलं. म्हणाले, "भोक किसी से भी हो जाता है. साबुन किसने सिखाया?" मग म्हणाले, "बाप को पता है?" मी म्हटलं, हो, बापानं दाखवायला सांगितलं होतं. "तो बाप मिस्त्री है," म्हणाले, "तू नहीं." आणि छोट्या साहेबाला म्हणाले की भोक त्यांच्या स्वतःच्या हातून पडलं.

बाबा, मी तिथून उठून मागच्या नळावर गेलो. तुम्ही दोघं एकमेकांना ओळखतही नाही. आणि दोघांनी मला एकच शिक्षा दिली.

सरदारजींनी १९ तारखेपर्यंत मुदत दिली, आणि शिमग्यापर्यंत अर्धा पगार. ते म्हणाले की अल्युमिनला झाळून जोड धरत नाही, तापवलं की लाल न होता एकदम पाणी होतं. दोन दिवस काही सुचलं नाही. मग सुचलं, तोंड मोठं झालंच आहे, तर आतून पितळेची पातळ बाही घालावी, बंदुकीच्या काडतुसासारखी, आणि तिच्या काठाला बाहेर वळलेली ओठी ठेवावी. बाही भोक झाकेल. सरदारजी म्हणाले, गरम झाल्यावर अल्युमिन पितळेपेक्षा जास्त फुगतं, तुझी बाही ढिली होऊन आत पडेल. मी म्हटलं, पडणार कशी, ओठी इंजिन आणि मेनिफोल्डच्या मध्ये दाबलेली राहील. ते दाढी खाजवत उभे राहिले. मग पितळेची नळी काढून दिली.

पण मेनिफोल्डच्या तोंडात ओठीसाठी केलेली खाच बरोबर ओठीच्या जाडीएवढीच खोल पाहिजे. जास्त खोल गेली तर ओठी दाबली जात नाही, कमी गेली तर बाकीची तीन तोंडं टेकत नाहीत. फट मापायची पत्ती सरदारजींच्या खिशात. मागायला तोंड नव्हतं.

म्हणून बाजारातून दोऱ्याची रीळ आणली. ती बारीक निघाली. दोन पदर पिळून पाहिले, जाड वाटलं. पीळ जरा सोडला. डोळे मिटून चिमटीत धरलं. बाबा, बोटांनी सांगितलं, हे. डोकं विसरलं होतं, बोटं नव्हती विसरली.

मग एक सूत घेतलं, लावून पाहिलं. धागा चारी तोंडांशी घालून ओढला. पुन्हा काढलं. पुन्हा एक सूत. सहा दिवसांत किती वेळा काढलं-लावलं ते मोजलं नाही. पोरं हसायची. सरदारजी येता जाता म्हणायचे, "मरहट्टे, कुर्ता सी रहा है क्या?" मी म्हणायचो, जी, मापाचा. काल दुपारी चारी तोंडांशी धागा सारखाच कुरकुरला. मी पाना ठेवला आणि सरदारजींना म्हटलं, पाहून घ्या. त्यांनी खिशातली पत्ती काढली, चारी बाजूंनी घातली. मग पत्ती परत ठेवली आणि माझा धागा मागून घेतला. ओढून पाहिला. चालू केलं तेव्हा शिट्टी नव्हती.

रविवारी शर्यत.

लहानू


कलकत्ता, २८ डिसेंबर १९५४

बाबा,

तुमचं पत्र आज मिळालं. तुम्ही खोट्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. दोनदा तेच विचारलं, ओठी किती जाड ठेवली आणि आतला काठ गोल केला का. बाईंनी दोन्ही वेळा लिहून घेतलं. ओठी चार सूत, आपल्या सुतानं. काठ गोल केला आहे. तुम्ही लिहिलेलं शेजारच्या भागीरथाकाकूच्या गाईचंही कळलं.

प्रमिलाबाई, आता शुद्धलेखन सोडून द्या. मला भरभर लिहायचं आहे.

रविवारी पहाटे निघालो. धावपट्टीवर गवताच्या पेंढ्या रचून वळणं केलेली. गोरे लोक, बंगाली बाबू, छत्र्या घेतलेल्या बाया. मला पेट्रोलचे डबे आणि ओली पोती देऊन एका शेडमागे उभं केलं. आग लागली तर धावायचं. तिथून गाड्या दिसत नव्हत्या. ऐकू येत होत्या.

नऊ गाड्या होत्या. पहिल्या फेरीलाच आपली ओळखली. बाकीच्या घुमतात, ही जरा खर्जात बोलते. मी चौथ्या तोंडावर कान लावून होतो. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. तुम्ही रुई कशी निघते ते न बघता, आवाजावरून सुरी बरोबर आहे की नाही सांगायचे ना, तसं. सहाव्या फेरीला लोक ओरडायला लागले. शेडसमोरून एक पोलीस म्हणत गेला, लाल गाडी दुसऱ्या नंबरवर आहे.

आठव्या फेरीला ती आली नाही.

बाकीच्या आल्या आणि गेल्या. बाबा, माझ्या मनात पितळेची बाही चौथ्या सिलेंडरच्या तोंडात पडली, पिस्टन फुटला, छोटा साहेब मेला, सगळं झालं. डबे सोडून धावलो. धावपट्टीच्या त्या टोकाला गाडी उभी होती, साहेब बाहेर उभा राहून टोपीनं वारा घेत होता. सरदारजी माझ्या आधी पोचलेले. लोक जमा झालेले. कोणीतरी म्हणालं, ते देशी ठिगळ लावलं होतं ना, त्यानंच घात केला.

सरदारजींनी सगळ्यांसमोर बोनेट उघडलं. मेनिफोल्डच्या सांध्यावरून हात फिरवला. चटके बसत होते तरी सावकाश फिरवला. हात कोरडा. मग मागं जाऊन टाकीचं झाकण उघडलं आणि आत काडी घातली. काडी कोरडी. साहेबानं वजन कमी राहावं म्हणून सकाळी सरदारजींच्या नकळत अर्धं पेट्रोल काढून टाकलं होतं.

हसावं की काय करावं कळलं नाही. सरदारजी हसले. साहेब नाही हसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ए मिस्त्री, पेट्रोल टाक."

म्हणजे झालं. ज्या एका शब्दासाठी दोन वर्षं सेलूचं तोंड पाहिलं नाही तो शब्द मिळाला. मी डबा आणायला गेलो. चालता चालता तो शब्द मनात उलटून-पालटून पाहिला. त्यानं सायकलचं पंक्चर काढणाऱ्यालाही हेच म्हटलं असतं. त्याला माझं नावही माहीत नाही. हा मिळाला म्हणून मी उद्या गाडीत बसून येऊ शकतो, कोणी अडवणार नाही, बायांना सांगू शकतो. पण तुमच्यासमोर उभं राहून सांगता येणार नाही. तुम्ही काही बोलणार नाही, नुसती ओठी पाहायला मागाल.

सरदारजींनी पेटी दिली नाही. मागितलीही नाही. साबण लावणाऱ्याला पेटी लवकर मिळत नाही, आणि मिळू नये.

काल दुसरी गोष्ट झाली. शर्यतीत दुसऱ्या नंबरला आलेल्या गाडीचा मालक गॅरेजमध्ये आला. त्यालाही तसलाच मेनिफोल्ड हवा आहे, न बसणारा बसवून. मार्चअखेर बोटीनं येईल. सरदारजी मला म्हणाले, करशील? मी या वेळी दोन म्हटलं नाही. म्हटलं, एक केला आहे, तोही फोडून. ते म्हणाले, "तेरा बाप धागे से नापता है, वो सच है या कहानी?" मी म्हटलं, सच है. म्हणाले, "उसको बुला ले. मैं देखूंगा."

बाबा, शिमग्यापर्यंत मले इथून हलता येत नाही, सरदारजींकडून अर्धा पगार कापून घ्यायचा आहे. आणि खरं सांगतो, कापून घ्यायचं नसतं तरी आलो नसतो. मिस्त्री झालो का नाही झालो हे मले माहीत नाही. छोट्या साहेबाला विचारून कळणार नाही. तुम्ही ती बाही बोटानं पाहा आणि सांगा. नाही म्हणाले तर नाही. मी पुढल्या नळीला पुन्हा लागतो. आणि हो म्हणाले तर तुमच्याबरोबरच परत येतो, मागं मागं, तुमचं बोचकं धरून.

मार्चमध्ये जिन बंद होतं, तुम्ही आंब्याखाली बसून राहता. तेच इथं येऊन बसा. खोलीतल्या छपरेवाल्यांना सांगून ठेवलं आहे, माझ्याजवळची जागा त्यांनी मोकळी केली. भाकरी मिळत नाही, पण ज्वारीचं पीठ आई देईल तर सरदारजींच्या भट्टीवर मी भाजीन. मेल सेलू रोडला थांबत नाही, वर्ध्याहून बसजा. रायपूरला झोप लागू देऊ नका, तिथं सामान जातं. हावड्याला उतरले का जागचे हलू नका, मी फलाटावर दोन तास आधीपासून असतो.

तिकीटबाबूकडून भाडं विचारून घेतलं. अर्ध्या पगारात दोन्ही बाजूंचं जमत नाही, एकाच बाजूचं पाठवतो आहे. परतीचं तोवर जमेल. हे घरात पिठामिठाला लावू नका, आई मागेल तरी देऊ नका. मनिऑर्डर आजच केली, वर्धा ते हावडा, तिसरा वर्ग, एक माणूस: एकोणीस रुपये चौदा आणे.